पहिल्या भागावरची ओरड आणि तुमचं पहिलं पाकीट



या वेळच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईघाईत उरकावा लागला, तो इथे नीट मांडतो. मुद्दा असा: तुम्ही पहिल्यांदा माल बाजारात आणला आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी नावं ठेवली, तर करायचं काय? रेसिपी बदलायची? गप्प बसायचं? की समोरच्याला दोन शब्द सुनावायचे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण यात धंदे बुडतात. बचत गटाचं कर्ज काढून, घरातल्यांची बोलणी खाऊन, कुणी फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची पहिली साठ पाकिटं विकायला काढतं. चौथ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "काही खास नाही." पाचव्या दिवशी दुसरा त्यावर अंगठा दाखवतो. सहाव्या दिवशी कढई माळ्यावर जाते. माल वाईट होता म्हणून धंदा बंद पडला असं नाही झालं, पहिली प्रतिक्रिया कशी वाचायची हे माहीत नव्हतं म्हणून बंद पडला.

पहिल्या प्रतिक्रियेचा अभ्यास करायचा तर टीव्ही मालिकांसारखा दुसरा गुरू नाही. मालिकेचा पहिला भाग म्हणजे तुमचं पहिलं पाकीटच. रात्री दाखवला की सकाळी गावभर निकाल लागलेला असतो. म्हणून आज तीन मालिकांची गोष्ट सांगतो. एक अमेरिकेतली वकिलांची, एक आपल्या कोकणातली भुतांची आणि एक अशी, जी खरोखरच कोर्टात उभी राहिली.

शून्य गुण मिळालेली मालिका

४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेत 'ऑल्स फेअर' नावाची मालिका आली. फक्त बायकांची घटस्फोटाची केस लढणारी महिला वकिलांची फर्म, मुख्य भूमिकेत किम कार्दाशियन. पहिले तीन भाग एकदम दाखवले. समीक्षक तुटून पडले. रॉटन टोमॅटोज या साइटवर सुरुवातीला समीक्षकांचा आकडा चक्क ० टक्के होता. लंडनच्या मोठ्या वर्तमानपत्रांतही शून्य तारे मिळाले.

आणि पुढे? लोकांनी ती धबाधबा बघितली. काहींना आवडली म्हणून, काहींना हसायला मिळालं म्हणून, काहींना "एवढी वाईट म्हणजे नक्की किती वाईट" हे बघायचं होतं म्हणून. त्याच महिन्यात दुसऱ्या सीझनची घोषणासुद्धा झाली.

आता आपल्याकडचे काही मोटिव्हेशनवाले यावरून लगेच धडा काढतील: "बघा, वाद झाला की माल खपतो! बोलू द्या लोकांना, प्रसिद्धी होते!" माझं स्पष्ट मत आहे, छोट्या उद्योजकासाठी हा सल्ला विषासारखा आहे. का, ते सांगतो.

मालिका बघणाऱ्याने महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात. वाईट भाग बघितला तर त्याचा जातो अर्धा-पाऊण तास, आणि बदल्यात मित्रांत टिंगल करायला विषय मिळतो. तुमचं लोणचं वाईट आहे असं ऐकून कुणी हसण्यासाठी दीडशे रुपये देऊन बरणी घेईल का? मालिकेने डोकं दुखतं, खाण्याच्या वस्तूने पोट दुखतं. त्यात त्या मालिकेचे प्रेक्षक जगभर पसरलेले. तुमचं गिऱ्हाईक मारुती मंदिर ते साळवी स्टॉप एवढ्या पट्ट्यातलं. इथे एकाचं तोंड वाकडं झालं की त्याची मावशी, तिची शेजारीण आणि त्या शेजारणीच्या सुनेचं माहेर, सगळीकडे बातमी पोचते. आपल्या गावात दुसरा सीझन इतक्या सहज मिळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. वाद हे तुमचं भांडवल नाही, विश्वास आहे.

आकेरीचा वाडा

दुसरी गोष्ट आपल्या दारातली. २२ फेब्रुवारी २०१६ ला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचा वाडा, नाईकांचं कुटुंब, अण्णांचा मृत्यू आणि मग रात्री घडणारे प्रकार. सिंधुदुर्ग म्हणजे १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचा भाग, त्यामुळे चर्चा आपल्याकडेही तेवढीच रंगली.

सुरुवातीच्या भागांतच आक्षेप सुरू झाले. कोकण म्हणजे भूतबाधा आणि करणी असंच दाखवताय का? अंधश्रद्धा पसरेल, कोकणची बदनामी होईल. हे आक्षेप पोकळ नव्हते. मुंबई-पुण्यात आपल्या माणसाला "तुमच्याकडे भुतं असतात ना रे?" हे चेष्टेने ऐकून घ्यावं लागतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ज्यांच्या नावावर गोष्ट सांगितली जाते, त्यांना बोलायचा हक्क असतोच.

पण त्याच वेळी लोक मालिका बघतही होते. २०१९ ला दुसरा भाग आला, २०२१ ला तिसरा. अण्णा नाईक आणि शेवंता ही नावं घराघरांत गेली. आणि ज्या वाड्यामुळे "बदनामी" होणार होती, तो वाडा बघायला पर्यटक गाड्या घेऊन आकेरीला जायला लागले. पर्यटक आले की चहा, वडे, कोकम सरबत यांचं गिऱ्हाईक आलंच.

मग आक्षेप घेणारे चुकले का? नाही. बघणारे चुकले का? तेही नाही. एकाच मालाबद्दल दोन खऱ्या गोष्टी एका वेळी असू शकतात. आपली गडबड इथेच होते. चार जण नाराज झाले की आपल्याला वाटतं सगळं गाव नाराज. चार जणांनी कौतुक केलं की वाटतं आता पुण्याला शाखा काढू.

चॅनेलवाले काय बघतात? कोण किती जोरात ओरडलं हे त्यांच्याही कानावर येतं. पण निर्णय घेताना त्यांचं लक्ष असतं उद्या रात्री पुन्हा तोच चॅनेल किती घरांत लागला, यावर. टीआरपी म्हणजे दुसरं काय? बोललेल्यांची मोजणी नाही, परत आलेल्यांची मोजणी. तुमच्या धंद्याचा टीआरपी एकच: पहिलं पाकीट नेलेल्यांपैकी किती जण दुसरं न्यायला आले.

जी मालिका कोर्टाने स्वतः बघितली

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मुंबईत घडली. जानेवारी १९८८. दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' सुरू झाली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या वेळच्या दंगलींची गोष्ट. सुरुवातीलाच ओम पुरी म्हणजे नत्थू हा गरीब माणूस, त्याला डुक्कर मारायचं काम दिलं जातं. पुढे ते मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं.

फक्त एवढंच बघितलेल्या माणसाला काय वाटेल? भडकवायलाच काढलंय. मुंबईतल्या एका नागरिकाने उच्च न्यायालयात अर्ज केला, की ही मालिका थांबवा, यातून पुन्हा दंगली होतील. एका न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली. मग प्रकरण न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठापुढे गेलं. त्यांनी काय केलं? अर्ज वाचून, वर्तमानपत्रं चाळून निकाल दिला नाही. मालिका मागवली आणि सगळी बघितली. बघितल्यावर लक्षात आलं, की ही गोष्ट दंगल लावणाऱ्यांना उघडं पाडते, सामान्य माणसांचा त्यात कसा बळी जातो ते दाखवते. स्थगिती उठली. पुढे सर्वोच्च न्यायालयातही याचिका झाली आणि १६ फेब्रुवारी १९८८ ला तिथेही मालिकेच्याच बाजूने निकाल लागला.

त्या निकालात एक कसोटी वापरली आहे, ती लघुउद्योजकाने घरात लिहून ठेवावी अशी आहे. मूळ कसोटी स्वातंत्र्याच्या आधी नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी मांडली होती. तिचा साधा अर्थ असा: एखाद्या गोष्टीचा परिणाम ठरवताना समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने बघा. प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने नको.

आणखी एक लक्षात घ्या. कोर्टाने अर्जदाराला "तू कोण बोलणारा?" असं म्हटलं नाही. त्याचं म्हणणं ऐकलं, त्यावर वेळ घालवला, मग निर्णय दिला. ऐकून घेणं वेगळं आणि ऐकलेलं सगळं मान्य करणं वेगळं. आपल्यातले बरेच जण दोन्हीतलं काहीच करत नाहीत. टीका आली की "ट्रोल आहे" म्हणायचं आणि ब्लॉक करायचं. टीका करणारा प्रत्येक माणूस ट्रोल नसतो हो. कधीकधी तो तुमचा फुकटचा क्वालिटी इन्स्पेक्टर असतो.

प्रतिक्रियांचे चार डबे

आता कामाचं बोलू. पहिल्या महिन्यात येणारी प्रत्येक प्रतिक्रिया चारपैकी एका डब्यात टाका.

पहिला डबा: वस्तुस्थितीची तक्रार. पाकीट फुटलेलं होतं, वजन कमी भरलं, गरे मऊ पडले, तारीख छापलेली नाही, सांगितलेल्या दिवशी माल पोचला नाही. यात मत नसतं, तपासता येईल अशी गोष्ट असते. एक जरी आली तरी त्याच दिवशी तपासायची.

दुसरा डबा: आवडीची तक्रार. तिखट कमी, मीठ जास्त, गरे जाड, पाकिटाचा रंग भडक. वहीत लिहायची, लगेच काही बदलायचं नाही. पाच वेगवेगळ्या घरांतून तीच गोष्ट आली तर पुढच्या घाण्यात थोडा बदल करून बघायचा.

तिसरा डबा: मानाची तक्रार. 'रात्रीस खेळ चाले'वर जी झाली ती. तुम्ही पाकिटावर 'अस्सल मालवणी' लिहिलंत आणि मालवणची बाई म्हणाली हे आमच्याकडे असं करत नाहीत, तर तिच्याशी वाद घालू नका. तिच्याकडे जा, बसा, शिका. गावाचं नाव वापरून पैसे कमवायचे तर गावाचं ऐकावं लागतं. हापूसचंच घ्या. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव. बाहेरचा आंबा पेटीत भरून वर 'हापूस' लिहिलंत तर ती नुसती मानाची तक्रार राहत नाही, कायद्याचं प्रकरण होतं.

चौथा डबा: न घेताच बोललेले. "आजकाल सगळेच मसाले करायला लागलेत", "हिला काय जमणार धंदा". मालिकेचा एकही भाग न बघता मत देणारे असतात ना, तेच हे. यांना नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी वहीत यांची नोंदसुद्धा नको.

एक हिशोब करून बघू

समजा, तुम्ही गऱ्यांची ६० पाकिटं विकलीत. नऊ जण बोलले. तिघांनी छान म्हटलं, सहा जणांनी नावं ठेवली. घाबरलेला माणूस म्हणेल, "नवातले सहा नाराज, म्हणजे माल फसला."

थांबा. त्या सहांची वाटणी करा. दोघांनी पाकीट घेतलंच नव्हतं, ते चौथ्या डब्यात. तिघं म्हणाले गरे जाड आहेत, तो दुसरा डबा, नोंद झाली. राहिला एक. तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी मऊ पडले."

संख्येने बघितलं तर तीन मोठे आणि एक लहान. पण तुमचं पाकीट हवाबंद राहत नसेल तर तो एकटाच सगळ्यांत मोठा आहे. कारण उरलेल्या ५३ न बोललेल्या घरांतही गरे मऊ पडले असतील आणि ती माणसं काही न बोलता पुढच्या वेळी दुसऱ्याचं पाकीट उचलतील. लगेच त्याच घाण्यातली घरात ठेवलेली पाकिटं फोडा. (घरात ठेवत नसाल तर आजपासून प्रत्येक घाण्यातली दोन पाकिटं तारीख लिहून बाजूला ठेवा.) सीलिंग मशीनचा चटका कमी पडतोय का, तेल नीट निथळलं होतं का, गरम असतानाच भरले का, ते तपासा. कोर्टाने केलं तेच करायचं: ऐकीव गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, अख्खा माल बघायचा.

आणि त्या न बोललेल्या ५३ पैकी दहा जणांना फोन करा. "आवडलं का?" असं विचारू नका, शिष्टाचाराने सगळे "हो हो" म्हणतात. विचारा, "पाकीट संपलं का? किती दिवसांत? कुणी खाल्लं?" उत्तरात सगळं कळतं. पंधरा दिवसांनी पाकीट अर्धंच असेल तर तोंडावरच्या कौतुकाला काही अर्थ नाही.

चोवीस तास आणि पंधरा दिवस

टीव्ही चॅनेलसाठी २०२१ पासून सरकारी नियम आहे. प्रेक्षकाची तक्रार आली की २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाली काढायची. एवढ्या मोठ्या चॅनेलना जो नियम लागू, तो आपण स्वतःहून लावून घेतला तर काय बिघडलं? चोवीस तासांत "तुमचा निरोप मिळाला, बघतो" आणि पंधरा दिवसांच्या आत "हे केलं". आपल्याला तर पंधरा दिवस लागूही नयेत.

तसंही, तक्रारीची खिडकी ठेवणं ही तुमची मेहेरबानी नाही. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी यांच्या बरोबरीने तक्रारीसाठी कुणाला संपर्क करायचा तेही पाकिटावर द्यावं लागतं. बरेच जण तिथे बंद पडलेला नंबर छापतात. मग गिऱ्हाईक तुमच्याऐवजी गुगलवर बोलतं. दार बंद केलंत तर माणूस रस्त्यावर उभं राहूनच बोलणार ना!

उत्तर कसं लिहायचं याचा नमुना देतो: "ताई, सांगितलंत ते बरं झालं. त्या तारखेची आमच्याकडची पाकिटं तपासली, दोन खरंच मऊ निघाली. सील नीट बसत नव्हतं, ते दुरुस्त केलंय. तुमचं पाकीट बदलून उद्या संध्याकाळपर्यंत पोचवतो." बघा, यात बचाव नाही, रडगाणं नाही, "आमचा माल उत्तमच असतो" हे पालुपद नाही. काय तपासलं, काय सापडलं, काय केलं, कधी मिळेल. चार वाक्यं. हे उत्तर ताईपेक्षा जास्त ते वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी असतं.

आणि एक करू नका. वाईट रिव्ह्यू खाली ढकलायला मेहुण्याकडून, चुलतभावाकडून पाच-पाच तारे टाकून घेऊ नका. ऑनलाइन रिव्ह्यूंबद्दल भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकच आलंय, इतका हा रोग पसरलाय. कायदा बाजूला ठेवा, गाव छोटं आहे. आडनाव वाचूनच लोक ओळखतात की हा तारा कुठून उगवला.

शेवटचं सांगतो

मालिकेच्या पहिल्या भागावर ओरड झाली म्हणून दुसरा भाग थांबत नाही. तो ठरल्या वेळी लागतो. तुमचाही दुसरा घाणा ठरल्या दिवशी निघाला पाहिजे, सील दुरुस्त करून, वही समोर ठेवून. पहिल्या आठवड्याच्या बोलण्यावर धंदा बंद करायचा नाही आणि पहिल्या आठवड्याच्या कौतुकावर नवं कर्जही काढायचं नाही. निदान तीन घाणे होऊ द्या, मग परत आलेली गिऱ्हाइकं मोजा आणि त्यानंतर काय तो निर्णय घ्या.

गणपतीला चाकरमानी येतील. मुंबईला परत जाताना पिशवीत काय भरून न्यायचं हे ते त्या चार-पाच दिवसांत ठरवतात. त्यांच्या पिशवीत जायचं असेल तर आजच कामाला लागा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडे आजवर आलेल्या शेवटच्या दहा प्रतिक्रिया एका कागदावर लिहा, प्रत्येकीपुढे डब्याचा नंबर टाका. पहिल्या डब्यात जी निघेल, तिचं काय केलंत ते मला कळवा. दहातली एकही पहिल्या डब्यात नसेल तरीही कळवा. कारण मग एक तर तुमचा माल फारच चांगला आहे, नाही तर गिऱ्हाईक तुमच्याशी खरं बोलत नाहीये. यातलं कुठलं, ते आपण पुढच्या व्हिडिओत शोधू.